मेघ उठला की निघायचे

मी कुठे असावे? ख्रिस्ती माणूस देवापुढे जे प्रश्न ठेवतो त्यांतला हा फार जुना प्रश्न आहे. नोकरी लागते, बदलीचा हुकूम येतो, लग्न ठरते, गावाकडे म्हातारे आईवडील एकटे पडतात, आणि प्रत्येक वेळी तो नव्याने उभा राहतो. पगार, घरभाडे, मुलांच्या शाळा यांचा हिशेब तो इतरांसारखाच करतो. पण त्याच्या श्रद्धेप्रमाणे हिशेब तिथेच संपत नाही. आज ज्या गावात, ज्या माणसांमध्ये आपण आहोत तिथे देवाने आपल्याला ठेवले आहे आणि उद्या तो आपल्याला हलवूही शकतो, असे तो मानतो.

मराठी मंडळ्यांच्या बोलण्यात या अनुभवाची स्वतंत्र भाषाच तयार झाली आहे. कोणाला सेवेसाठी 'पाचारण' होते. कोणाच्या मनावर एखाद्या गावाचे किंवा समाजाचे 'ओझे' येते. शास्त्र वाचताना आपल्या अडचणीला नेमके लागू पडणारे 'वचन मिळते'. परवानगी, पैसा आणि माणसे जुळून आली की प्रभूने 'दार उघडले' म्हणतात, आणि सगळे अडले की 'दार बंद केले'. हे शब्द बायबलच्या भाषेतून आले आहेत. प्रत्येकाच्या मागे खरा अनुभव असू शकतो, आणि प्रत्येकाच्या आड माणसाची स्वतःची हौसही लपू शकते. हा भेद कसा ओळखायचा याचा विचार ख्रिस्ती परंपरा दोन हजार वर्षे करत आली आहे.

सुरुवात अर्थात बायबलपासून होते. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्रामाला, म्हणजे पुढच्या अब्राहामाला, देश, भाऊबंद आणि बापाचे घर सोडून निघायला सांगितले जाते. जायचे कुठे, तर देव दाखवील त्या देशात. गावाचे नाव नाही, वाटेचा तपशील नाही. गणनेच्या नवव्या अध्यायात हीच गोष्ट एका अख्ख्या समाजाच्या बाबतीत दिसते. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांच्या निवासमंडपावर दिवसा मेघ असे आणि रात्री तो अग्नीसारखा दिसे. मेघ उठला की तळ हलवायचा, मेघ थांबला की तंबू ठोकायचे. कधी तो संध्याकाळपासून सकाळपर्यंतच थांबे, कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहून जास्त. या अध्यायात थांबण्याचे वर्णन निघण्याइतकेच सविस्तर आहे. मार्गदर्शन म्हटले की लोकांना प्रवास आठवतो. इथे मुक्कामही तितकाच आज्ञापालनाचा भाग आहे.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांत या प्रश्नाची दोन टोके सापडतात. योनाला निनवेला जाण्याची आज्ञा होती; तो याफो बंदरात उतरला आणि नेमका उलट दिशेला, तार्शीशला जाणाऱ्या गलबतात बसला. त्याला देवाची इच्छा कळली नव्हती असे नाही. कळली होती, म्हणूनच तो पळाला. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्रसंग निराळा आहे. बाबेलमध्ये कैद होऊन गेलेल्या यहूद्यांना लवकर घरी परतण्याची आस लागलेली असते, आणि तसे आश्वासन देणारे संदेष्टेही त्यांना भेटत असतात. यिर्मया पत्र लिहून त्यांना सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले गेला आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. न मागितलेली, शत्रूने लादलेली जागाही देवाने दिलेली असू शकते, हा विचार पुढच्या सगळ्या निर्वासितांना आणि स्थलांतरितांना उपयोगी पडला.

रूथच्या छोट्या पुस्तकात तर देव कोणाशी थेट बोलतच नाही. दुष्काळामुळे बेथलेहेमचे एक कुटुंब मवाब देशात जाते, तिथे पुरुष मरतात, आणि विधवा नामी परत निघते. तिची मवाबी सून रूथ सासूला सोडत नाही. स्वप्न नाही, दृष्टान्त नाही, वचन नाही. एका म्हाताऱ्या बाईशी असलेले नाते तिची जागा ठरवते. मार्गदर्शनाची चर्चा करणारे अब्राहामाचे उदाहरण नेहमी घेतात. बहुतेक माणसांच्या आयुष्याला रूथचे उदाहरण जास्त लागू पडते.

नव्या करारात या प्रश्नाचे सर्वांत बारीक चित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. पौल आणि त्याचे सोबती आसिया प्रांतात वचन सांगू पाहतात, पण पवित्र आत्मा त्यांना अडवतो. मग ते बिथुनियाकडे वळतात. तेही जमत नाही. असे दोन्हीकडून अडत ते समुद्रकाठच्या त्रोवस शहरी येतात. तिथे रात्री पौलाला दृष्टान्त होतो: मासेदोनियातला एक माणूस उभा राहून मदतीला या म्हणून विनवतो आहे. सकाळी सगळे मिळून त्याचा अर्थ लावतात आणि निघतात. फिलिप्पैला पोहोचल्यावर तो माणूस कुठेच भेटत नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटतात, त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया असते, आणि थोड्याच दिवसांत पौल व सीला यांना फटके खाऊन तुरुंगात जावे लागते. देवाने दाखवलेली जागा सुखाची असेल असा करार या कथेत कुठेच नाही. आणि अडवणूक कशी झाली, आजारपणाने, विरोधाने की मनातल्या अस्वस्थतेने, हे लेखक सांगत नाही.

या कथेच्या जोडीला मार्काच्या पाचव्या अध्यायातला भूतबाधेतून बरा झालेला माणूस ठेवला पाहिजे. येशूबरोबर जाण्याची त्याची विनंती मनापासूनची होती. येशू ती नाकारतो आणि त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या लोकांत पाठवतो. पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचारण झाले तेव्हा जो ज्या स्थितीत होता त्याने तिथेच देवाबरोबर राहावे, असे सांगतो. सेवा म्हणजे दूर जाणे ही समजूत नव्या करारात टिकत नाही.

पुढच्या शतकांत या दोन्ही प्रवृत्तींनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जो नियम घालून दिला त्यात एकाच मठात शेवटपर्यंत राहण्याचे व्रत आहे. या मठातून त्या मठात भटकणाऱ्या साधूंवर त्याची टीका कडक आहे. जागा बदलल्याने स्वभाव बदलत नाही हे त्याने ओळखले होते. त्याच काळात आयर्लंडचे ख्रिस्ती साधू मायदेश सोडणे हेच व्रत मानत. कोलंबा 563 मध्ये समुद्र ओलांडून आयोना बेटावर गेला आणि तिथून स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला. या वृत्तीचे टोक म्हणजे 891 साली इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेले तीन आयरिश साधू. त्यांच्या होडीला वल्हीच नव्हती. देव नेईल तिकडे जायचे म्हणून ते तसेच निघाले होते, आणि किनाऱ्याला लागल्यावर राजा आल्फ्रेडच्या दरबारी गेले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे.

वल्ही टाकून देणे म्हणजे श्रद्धा का? सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने याला विचारपूर्वक उत्तर दिले. तो स्वतः या प्रश्नात पोळलेला होता. 1523 मध्ये तो जेरुसलेमला गेला तो तिथेच आयुष्य घालवायच्या निश्चयाने; तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्याला राहू दिले नाही. पुढे 1534 मध्ये पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर त्याने आणि सहा सोबत्यांनी पुन्हा जेरुसलेमला जाण्याचा नवस केला, पण या वेळी एक पुस्ती जोडली: जाता आले नाही तर पोप पाठवतील तिकडे जाऊ. ते व्हेनिसला येऊन थांबले, तुर्कांशी युद्धाची चिन्हे दिसू लागल्याने जहाज मिळेना, आणि ती पुस्तीच खरी ठरली. जेझुइट संघाची वाटचाल या बंद दारातून सुरू झाली.

इग्नेशियसची साधनापुस्तिका 1548 मध्ये पोपच्या संमतीने छापली गेली. तिच्यात निवड करण्याची पद्धत सांगितली आहे. आधी मन तटस्थ करायचे, म्हणजे श्रीमंती-गरिबी, जवळ-दूर, मान-अपमान यांपैकी कशाकडेही ते आधीच कललेले नसावे. तराजूचा काटा मध्यावर आल्याशिवाय वजन करू नये, तसे हे आहे. कधी देवाची इच्छा इतकी स्वच्छ दिसते की शंकाच उरत नाही. कधी ती अंतरंगातल्या हालचालींवरून ओळखावी लागते: कोणत्या विचाराने टिकाऊ समाधान, श्रद्धा आणि प्रेम वाढते, आणि कोणत्या विचारामागून कोरडेपणा व अस्वस्थता येते. आणि मन शांत असेल, कुठलीच हालचाल जाणवत नसेल, तर बुद्धीने फायदे-तोटे मांडून ठरवायचे. अशा वेळी तो दोन कसोट्या सुचवतो. कधी न पाहिलेला एखादा अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल? मृत्युशय्येवर असताना आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल? मन फार उदास असताना आधीचा निर्णय फिरवू नये, हाही त्याचाच नियम. चारशे-पाचशे वर्षांत या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. यापेक्षा शहाणे फारसे नाही.

गोव्याच्या इतिहासाशी या पद्धतीचा थेट संबंध आहे. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानसाठी धर्मगुरू मागितले तेव्हा इग्नेशियसने फ्रान्सिस झेवियरला निवडले नव्हते. निवड बोबादिया नावाच्या सोबत्याची झाली होती. 1540 मध्ये ऐन निघायच्या वेळी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी झेवियरला जावे लागले. तो 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. पुढे 1545 मध्ये मलाक्काच्या दिशेने जावे की नाही हा प्रश्न पडला तेव्हा तो मद्रासजवळ मैलापूरला संत थोमाच्या कबरीपाशी काही महिने राहिला, प्रार्थना करत राहिला, आणि निश्चय झाल्यावर पूर्वेकडे निघाला. चीनच्या दारात, शांगचुआन बेटावर, 3 डिसेंबर 1552 रोजी तो वारला; चीनमध्ये त्याला प्रवेश मिळालाच नाही. त्याचे शव जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकात आहे. एका माणसाच्या आजारपणाने गोव्याचा 'गोंयचो सायब' ठरला.

प्रोटेस्टंट परंपरेतही असेच प्रयोग झाले, त्यांतला चिठ्ठ्या टाकण्याचा प्रयोग विशेष आहे. जर्मनीतील हेर्नहुट गावी काउंट त्सिन्त्सेन्डॉर्फच्या जमिनीवर वसलेले मोरेव्हियन लोक कोणाला कुठे पाठवायचे, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे, हे चिठ्ठीने देवाला विचारत. त्यांचे पहिले मिशनरी 1732 मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला निघाले. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली मोरेव्हियनांकडून हे शिकला. 1739 मध्ये ब्रिस्टलला येऊन उघड्यावर प्रवचने करावीत, असे निमंत्रण त्याला आले. त्याला जायचे नव्हते. त्याने बायबल उघडून पाहिले तर मृत्यू आणि दफनाचीच वचने समोर आली. सोबत्यांत वाद झाला, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि उत्तर आले: जा. तो गेला, आणि त्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलच्या मोकळ्या जागेत सुरू झालेल्या प्रवचनांनी मेथडिस्ट चळवळीला वेग आला.

फळ चांगले आले म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली हे खरे. पण ती पन्नासाव्या दिवसाच्या आधीची गोष्ट आहे, आणि पवित्र आत्मा उतरल्यानंतर नव्या करारात चिठ्ठी पुन्हा दिसत नाही. मोरेव्हियनांनीही पुढे ती सोडून दिली. मागे राहिले ते त्यांचे रोजच्या वचनांचे पुस्तक. 1731 पासून ते छापले जाते आणि त्यातील जुन्या कराराची वचने आजही हेर्नहुटमध्ये चिठ्ठीनेच काढतात, मात्र आता निर्णयासाठी नव्हे, वाचनासाठी.

त्या पुस्तकाचा एक वाचक म्हणजे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर. जून 1939 मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. हिटलरच्या सैन्यातील भरती टळावी आणि तो सुरक्षित राहावा म्हणून मित्रांनी तिकडे त्याची सोय केली होती. पोहोचल्यापासून त्याचे मन जर्मनीत राहिलेल्या बांधवांकडे ओढ घेत होते. आपल्या निर्णयांमागची कारणे आपल्यालाच कधी पुरती स्पष्ट नसतात, हे त्याने त्या दिवसांच्या डायरीत प्रामाणिकपणे लिहिले. हा मनाचा गोंधळ, अप्रामाणिकपणा की न कळत मिळणारे मार्गदर्शन, असा प्रश्नही त्याने स्वतःला विचारला. 26 जूनला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले, हिवाळ्याआधी येण्याची विनंती करणारे पौलाचे वाक्य त्याच्या वाचनात आले आणि दिवसभर मनातून गेले नाही. पौलाने ते वाक्य बोनहोफरसाठी लिहिले नव्हते हे त्याला पुरते ठाऊक होते. निर्णय त्याआधीच झाला होता. युद्धाच्या काळात आपल्या लोकांचे हाल सोसले नाहीत तर युद्धानंतर जर्मनीत ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारण्यात भाग घेण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे त्याने अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबूर यांना कळवले आणि जुलैमध्ये जहाज पकडले. एप्रिल 1943 मध्ये त्याला अटक झाली, आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. 'वचन मिळणे' म्हणजे काय याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. वचनाने निर्णय आभाळातून टाकला नाही. आठवडेभर चाललेल्या झगड्यात जे आधीच आकार घेत होते त्याला वचनाने शब्द दिले.

हा झगडा वगळून, नुसते वचन पुढे करून बोलणाऱ्यांपासून सावध राहावे लागते. 'प्रभूने मला सांगितले' या वाक्यापुढे समोरच्याला बोलायला जागा उरत नाही, आणि म्हणूनच ते वाक्य जपून वापरायला हवे. एखादा पुढारी आपल्या सोयीची बदली देवाच्या नावावर खपवतो. एखादी मुलगी घर सोडून दूरच्या संस्थेत जाते ती कोणाच्या तरी भविष्यवाणीवर. प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय याबाबत फार प्रामाणिक आहे. यरुशलेमेत पौलाला बेड्या पडतील असे अगब संदेष्टा सांगतो, सगळे बांधव रडून त्याला जाऊ नको म्हणतात, पौल ऐकत नाही, आणि शेवटी सगळे प्रभूच्या इच्छेवर सोडून गप्प होतात. एकाच आत्म्याच्या माणसांत मतभेद झाला आणि बायबलने तो झाकला नाही. म्हणूनच जुन्या मंडळ्यांनी पाचारण एकट्याच्या मनावर सोडले नाही. क्वेकर लोकांत असा पेच पडलेल्या माणसाभोवती काही जण बसतात आणि सल्ला न देता फक्त प्रश्न विचारतात. मदर तेरेसांना दार्जिलिंगला जाताना आगगाडीत गरिबांमध्ये जाऊन राहण्याचे पाचारण जाणवले ते 10 सप्टेंबर 1946 रोजी. वरिष्ठांच्या परवानगीनंतर त्या जुना मठ सोडून बाहेर पडल्या 1948 मध्ये. पाचारण खरे असेल तर ते वाट पाहण्याने मरत नाही.

मराठी मुलखात प्रोटेस्टंट मिशनचे काम सुरू झाले तेच बंद दारांच्या मालिकेतून. आधी विल्यम कॅरी. त्याच्या मनात ताहिती होते, दक्षिण समुद्रातली बेटे होती. 1793 मध्ये तो बंगालला आला कारण जॉन थॉमस नावाचा बंगाल पाहिलेला डॉक्टर सोबत मिळाला. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नव्हती म्हणून 1800 मध्ये त्याला डॅनिश सत्तेखालच्या श्रीरामपूरला आसरा घ्यावा लागला. तिथल्या छापखान्यातून 1805 मध्ये मराठीचे व्याकरण निघाले आणि 1811 मध्ये मराठी नवा करार.

त्यानंतर अमेरिकेचे मिशनरी. फेब्रुवारी 1812 मध्ये सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस. कलकत्त्याला पोहोचताच कंपनीने त्यांना निघून जायला फर्मावले. मंडळी पांगली. न्यूएलची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मॉरिशसला नुकत्याच जन्मलेल्या बाळामागून 30 नोव्हेंबर 1812 रोजी वारली. जडसन वळसे घेत जुलै 1813 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोहोचला. हॉल आणि नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले. तिथेही परत पाठवण्याचा हुकूम मागोमाग आला. दोघे एकदा निसटून कोचीनपर्यंत गेले आणि धरून आणले गेले. गॉर्डन हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सदसद्विवेकाला हात घालणारी पत्रे लिहिली, निर्णय लांबत गेला, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट दिली. नॉट प्रकृतीमुळे 1815 मध्ये परतला. हॉल मात्र शाळा काढत, मराठीत लिहीत राहिला, आणि मार्च 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारला. त्याच वर्षी या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. 1831 मध्ये अहमदनगरचे काम सुरू झाले आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक. हुकूम आला तेव्हा दार बंद झाले असे समजून हॉल परतला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. दार खरेच बंद आहे की नुसते जड आहे, हे ढकलून पाहिल्याशिवाय कळत नाही. पौलही बिथुनियाच्या सीमेपर्यंत गेला तेव्हाच त्याला नकार कळला.

सामान्य श्रद्धावंताची जागा अशा प्रवासांनी ठरत नाही. मेथडिस्ट पाळकाला बिशप नेमतील तिथे जावे लागते, कॅथलिक फादरचेही तेच. तिथे मार्गदर्शन बदलीच्या कागदावर येते, आणि आज्ञापालनाचा कस त्या कागदाशी लागतो. संसारी माणसासाठी मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकातच स्पष्ट केले होते की आईचे, मोलकरणीचे, कारागिराचे काम हेही पाचारणच आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून पुण्या-मुंबईला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोटासाठी गाव सोडले. देवाने हलवले की दुष्काळाने, हे वेगळे करून सांगता येणार नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. उलट प्रवासाचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि 1970 मध्ये त्यांनी दुष्काळी जामखेडला आरोग्यप्रकल्प सुरू केला. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती. गावातल्या लोकांनी बोलावले, जागा दिली, आणि गावोगावच्या बायकाच त्यांच्या आरोग्यसेविका झाल्या. मासेदोनियाचा माणूस इथे स्वप्नात आला नाही, प्रत्यक्ष समोर उभा राहिला.

कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला गेले. पगार, पद, नगरमधले बसलेले घर मागे टाकून त्यांनी संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच, मे 1919 मध्ये, ते वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. जागा बरोबर होती की चूक, हे निकालावरून ठरवणाऱ्यांना टिळकांचा निर्णय फसलेला वाटेल. ख्रिस्ती शिकवणीत निकाल ही कसोटी कधीच नव्हती. तसे असते तर पौलाला फिलिप्पैच्या तुरुंगातच आपण चुकलो म्हणावे लागले असते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या सगळ्या वाटा एकत्र येतात. दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेलेली पाहिलेली ही बाई कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका असा प्रवास करून परतली. 1889 मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदासदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. म्युलर हजारो अनाथ मुले सांभाळत होता आणि कोणाकडे पैसा मागत नव्हता. देवाची इच्छा ओळखण्याची त्याची रीत साधी होती: आधी त्या बाबतीत मन आपल्या हट्टापासून रिकामे करायचे, भावनेवर किंवा नुसत्या छापावर विसंबायचे नाही, शास्त्र वाचायचे, परिस्थिती काय सांगते ते पाहायचे, प्रार्थना करायची, आणि मन शांत राहिले तर पुढे जायचे. यात गूढ काही नाही. यातले पहिलेच पाऊल सर्वांत अवघड आहे, आणि बाकीची ते टाकल्याशिवाय पडत नाहीत.

सदनाला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार असावा म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला उजाड जमीन घेतली होती. तिथे फळबाग करायची, एवढाच बेत होता. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. जुनी भूक आठवली आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुली त्यांनी गोळा करून आणल्या. त्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न होता, आणि 1897 च्या प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात गर्दी करता येईना. मग मुली केडगावच्या शेतात गेल्या. आधी तंबू, मग छपरे, मग इमारती. फळबागेसाठी घेतलेली जमीन मुक्तिसदन झाली. तिथे शेती, विणकाम, शिवण, छपाई सुरू झाली, आणि सदनातल्या बायकांनी खिळे जुळवून रमाबाईंचे मराठी बायबल छापले. ते 1924 मध्ये बाहेर आले. रमाबाई ते पाहायला नव्हत्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले, आणि त्यांची संस्था आजही तिथेच, त्याच माळावर चालू आहे.